अकरा वर्षांनंतरची पहिली किक

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन उपक्रमात वडसा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वक्ता नाही. तीस वर्षांहून अधिक काळ वडशात मोटारसायकलींची दुरुस्ती करणारा एक मिस्त्री आहे. या मंचावर स्पर्धा परीक्षांवर बोलणारे साहेब येतात, बँकेतले अधिकारी येतात, प्राध्यापक येतात. यंदा आयटीआयच्या काही मुलांनीच आग्रह धरला की कोणीतरी हाताच्या कामावर बोलावे, म्हणून पदाधिकाऱ्यांनी मला गाठले. मी म्हटले, मला एकच विषय येतो. ते म्हणाले, त्याच विषयावर बोला. तेव्हा बरीच वर्षे उभी राहिलेली जुनी, एका सिलिंडरची मोटारसायकल पुन्हा चालू कशी करावी, एवढाच माझा आजचा विषय आहे. विषय लहान वाटेल. पण यात माणसे हजारो रुपये घालवतात आणि कधी कधी पायाचे हाडही मोडून घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एकदा तर स्वतः भोगले आहे.

आपल्या भागात अशा गाड्या पुष्कळ आहेत. वडसा, आरमोरी, कुरखेडा, पलीकडे ब्रह्मपुरी, कोणत्याही गावात जा, एखाद्या कोठ्यात तणशीच्या ढिगाआड राजदूत किंवा बुलेट उभी दिसेल. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली आणि ते गेल्यावर कोणी हात न लावलेली. राजदूत ही एस्कॉर्ट्स कंपनीची, पोलंडच्या गाडीवरून १९६२ साली काढलेली. दूधवाले, ग्रामसेवक आणि धानाचे व्यापारी यांची ती गाडी. येझदी आणि जावा म्हैसूरच्या. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. बुलेटची गोष्ट वेगळी. तिचे मूळ इंग्लंडातल्या रेडिच गावचे. भारतीय सैन्याला सीमेवर गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या, म्हणून १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. आरंभी सुटे भाग इंग्लंडहून येत आणि येथे जोडले जात. पुढे सगळेच येथे बनू लागले. इंग्लंडातले उत्पादन १९७० पर्यंत संपले, आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडला जाऊ लागली! आपल्या देशात तेच जुने लोखंडी सिलिंडरचे इंजिन पन्नासहून अधिक वर्षे, थोड्याफार फरकाने, निघत राहिले. म्हणून आजही तिचे सुटे भाग मिळतात आणि म्हणूनच चाळीस वर्षांची गाडी जिवंत करता येते. आताच्या नव्या बुलेटला किकच नाही, बटन आहे. त्यामुळे तुमच्यापैकी कित्येकांनी आयुष्यात किक मारलेली नसेल.

आता मी एका गाडीची हकीकत सांगतो.

२०२३ साली पावसाळा संपता संपता एक मुलगा माझ्याकडे छोट्या मालवाहू गाडीत बुलेट घालून घेऊन आला. सोबत त्याचे दोन मित्र. गाडी १९८४ ची, ३५० ची. त्याचे वडील कुरखेड्याकडच्या एका गावी प्राथमिक शाळेत गुरुजी होते. २०१२ साली ते वारले. तेव्हापासून गाडी कोठ्यात उभी, वर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधलेली. मुलगा नागपूरला नोकरीला. त्याला गाडी विकायची होती, आणि चालू गाडीला भाव जास्त मिळतो म्हणून चालू करायची होती.

मी विचारले, “कोणी चालू करून पाहिली का?”

मुलगा गप्प. मित्र म्हणाला, “थोडा धक्का मारला काकाजी. पेट्रोल नवं टाकलं होतं.”

“किती वेळ मारला?”

“अर्धा तास असेल जी.”

काय झाले ते हळूहळू बाहेर आले. टाकीत तळाशी जुने पेट्रोल होते, त्यावरच दोन लिटर नवे ओतले. किक दाबली तर दबेना. मग गाडी दुसऱ्या गिअरात घालून तिघांनी उतारावर ढकलली. मागचे चाक घासत गेले, इंजिन फिरेना. पुन्हा ढकलली. तिसऱ्यांदा आतून ‘कट्ट’ असा आवाज आला आणि इंजिन फिरू लागले. मुले खूश झाली. त्यानंतर वीस-पंचवीस किका मारल्या, पण गाडी उचलली नाही.

मी हेड आणि सिलिंडर उतरवला. पिस्टनच्या दोन रिंगा तुटलेल्या होत्या. एक तुकडा सिलिंडरच्या भिंतीवर वरून खाली ओरखडे काढत गेला होता. नखाला लागतील इतके खोल. मी मुलाला बोलावून त्याचे बोट त्या ओरखड्यांवरून फिरवले. अकरा वर्षांच्या गंजाने जे केले नव्हते ते अर्ध्या तासाच्या धक्क्याने केले होते. गंज पातळ होता. तेलाने सुटला असता. ओरखडा सुटत नाही. सिलिंडर नागपूरला बोअर करायला पाठवावा लागला आणि मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागला. मुलाने गाडी विकून जेवढे जास्तीचे मिळवायचे ठरवले होते, त्यातले बरेचसे तेथेच गेले.

मित्रांनो, मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. उभ्या राहिलेल्या गाडीचे नुकसान उभे राहण्याने थोडे होते. पहिल्या किकेने फार होते. ती पहिली किक या कामाची शेवटची पायरी आहे. आपण तिला पहिली समजतो.

तर मग आधी काय करावे? गुरुजींची गाडी माझ्याकडे न ढकलता आली असती तर मी काय केले असते, ते सांगतो.

प्रथम किकेला पाय लावायचा नाही. स्पार्क प्लग काढायचा. प्लगच्या भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेलचे मिश्रण आत सोडायचे आणि गाडी तशीच ठेवायची. एक रात्र पुष्कळ वेळा पुरते. कधी तीन दिवस लागतात. तेल पिस्टनच्या कडेने झिरपत रिंगांपर्यंत पोचते आणि गंज सोडवते. मग गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन वरच्या गिअरात टाकायची आणि मागचे चाक हाताने हळूच पुढे-मागे हलवायचे. हाताने, पायाने नाही. हाताला कळते की आत काही अडते आहे का. पायाला कळत नाही. किकेची दांडी लांब आहे, तिच्यावर साठ-सत्तर किलोचा माणूस उभा राहिला तर आतला दाता तुटतो, नाही तर रिंग तुटते. चाक जरा जरी हलले तरी तुम्ही जिंकलात. थोडे हलवा, थोडे तेल सोडा, चहा घ्या, पुन्हा हलवा.

ते तेल आत मुरत असताना बाकीची कामे करायची. आमच्या भागात पहिले काम उंदराचे. एअर फिल्टरच्या डब्यात तणशीचे घरटे हमखास सापडते. वायरीचे वरचे रबर कुरतडलेले असते. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने चिखलाचे घर केलेले असते. एकदा मी काडी घातली तर मूठभर माती निघाली होती. अशा गाडीला तुम्ही दिवसभर किक मारा, धूर बाहेर जायला वाटच नाही तर गाडी कशी उचलेल? कोठ्यात ठेवलेल्या गाडीचे आणखी एक दुखणे असते. जनावरांच्या मुताची वाफ तांब्याला आणि पितळेला खाते. वायरीची टोके हिरवी पडतात. ती घासून पुन्हा बसवावी लागतात. आणि ती प्लॅस्टिकची ताडपत्री! लोकांना वाटते गाडी झाकली म्हणजे सांभाळली. पावसाळ्यात जमिनीची ओल वर येते, प्लॅस्टिकखाली कोंडते आणि गाडीला घाम फुटतो. जुने लुगडे किंवा धोतर टाकले असते तर धूळही अडली असती आणि हवाही खेळली असती.

मग तेल. बुलेटची तेलाची टाकी वेगळी नाही, ती इंजिनच्या पोटातच मागच्या बाजूला आहे. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की तेल पंपातून हळूहळू झिरपून पुढे, चाकाच्या खोबणीत उतरते. मालक टाकीचे झाकण उघडून पाहतो, तेल कमी दिसते, आणि वरून नवे ओततो. झाले दुप्पट! मग गाडी चालू झाली तर पांढऱ्या धुराने गल्ली भरते आणि नळीतून तेल बाहेर फेकले जाते. म्हणून खालचे नट खोलून जुने तेल पूर्ण काढायचे आणि मग नवे, सुमारे सव्वादोन लिटर, भरायचे. राजदूत-येझदी दोन स्ट्रोकच्या असल्याने त्यांना हा त्रास नाही. त्यांचे तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. पण त्यांचे पेट्रोल उडून जाते आणि तेलाचा चिकट थर आत राहतो, त्यामुळे प्लग सारखा ओला होतो. त्यांच्या रबरी सीलही कडक होऊन हवा धरत नाहीत. तो विषय आज लांबवत नाही.

आता अभ्यासाचा भाग, आयटीआयच्या मुलांनी येथे कान द्यावा. इंजिन चालू व्हायला तीन गोष्टी लागतात: दाब, ठिणगी आणि पेट्रोल-हवेचे योग्य मिश्रण. ठिणगी वेळेवर पडली पाहिजे, हे त्यातच आले. चौथे काही नाही. जो मुलगा प्लगही बदलतो, कारबोरेटरही खोलतो, पॉइंटही घासतो आणि सगळे एकदम जोडून किक मारतो, त्याची गाडी चालू झाली तरी काय बिघडले होते ते त्याला कधीच कळत नाही. एका वेळी एक गोष्ट तपासावी. एक सिद्ध झाली की तिला पुन्हा हात लावू नये.

दाब तपासायला प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्याला किक हळू फिरवायला सांगायची. अंगठा उडाला पाहिजे. पण त्याआधी, प्लग काढलेलाच असताना, किक वीस-तीस वेळा सावकाश फिरवून नवे तेल वरपर्यंत पोचवायचे. हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट थोडा ढिला केला तर तेल आल्याचे दिसते. तेल दिसल्याशिवाय पुढे जायचे नाही. कोरड्या इंजिनाची पहिली दोन मिनिटे त्याला सर्वांत जास्त झिजवतात.

ठिणगीसाठी आधी बॅटरी. अकरा वर्षांची बॅटरी मेलेलीच असते, तिच्यावर वेळ घालवू नये. बॅटरीशिवाय या जुन्या बुलेटला ठिणगी नाही. मग पॉइंट. नुसते उभे राहूनही पॉइंटच्या तोंडावर राखाडी पापुद्रा येतो, आणि वीज तेथेच अडते. माझ्या अनुभवात दहापैकी पाच-सहा गाड्या याच पापुद्र्याने अडलेल्या असतात. बारीक पॉलिश पेपरने तो काढावा, पेट्रोलच्या फडक्याने पुसावा आणि फट फीलर गेजने मोजावी. ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. गेज वापरा. अंदाज करू नका. अंदाजाचे काय होते ते पुढे सांगतो. प्लग हेडला टेकवून किक फिरवली की निळी, टणक, कट्कन आवाज करणारी ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी आणि मरगळलेली असेल तर पुढे जायचे नाही. आणि हे करताना उघडे पेट्रोल जवळ नको, हे सांगायला नको, तरी सांगतो.

पेट्रोलचे काम सर्वांत घाणेरडे. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो आणि कारबोरेटरच्या तळाशी तपकिरी गोंद जमतो. त्यातले सर्वांत बारीक भोक, पायलट जेटचे, पहिल्यांदा बुजते. ते टाचणीने किंवा स्टीलच्या तारेने टोकरायचे नाही. भोक मोठे झाले की गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. पेट्रोलात भिजवावे, हवा मारावी, फारच अडले तर वायरीतला तांब्याचा एक तंतू वापरावा. आजकाल यात आणखी एक भर पडली आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. रोज चालणाऱ्या गाडीत ते जळून जाते, पण उभ्या गाडीत पाणी तळाशी बसते आणि लोखंडी टाकी आतून गंजते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्याही त्याने लवकर मऊ पडतात. म्हणून नळी नवी घाला, आणि टाकी काढून बघा. गंज असेल तर मूठभर लहान नट आणि रॉकेल घालून टाकी खळखळून हलवायची, ओतायचे, पुन्हा हलवायचे. दोन पोरे लावा, एका दुपारचे काम आहे. नट मोजून घाला आणि मोजून काढा. हे मी उगाच सांगत नाही.

आता किक.

शेतातले ऑइल इंजिन तुमच्यापैकी अनेकांनी हँडलने चालू केले असेल. तेथे आपण काय करतो? डोक्यावरचा लिव्हर उचलतो, म्हणजे दाब सुटतो, मग हँडल जोराने फिरवतो, जड चाकाने वेग घेतला की लिव्हर सोडतो. आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतो, म्हणजे इंजिन उलटे फिरले तर हँडल हातातून सुटते, अंगठा मोडत नाही. आमच्या धान गिरणीवाल्या म्हाताऱ्यांना हे कोणी शिकवले नव्हते, पण ते चुकत नसत. बुलेटलाही तसाच लिव्हर आहे, डाव्या हाताशी, त्याला डिकॉम्प्रेसर म्हणतात. पण वापर थोडा वेगळा आहे.

सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर. मुलांनी गणित करून पाहावे, ३४६ घनसेंटीमीटर येतील. एवढी हवा एका पायाने दाबायची आहे. ती नुसत्या जोराने दाबली जात नाही. त्यासाठी जड चाकाला आधी वेग मिळाला पाहिजे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दाबाचा क्षण दोन फेऱ्यांत एकदाच येतो. तेव्हा युक्ती अशी, की पिस्टन दाबाच्या माथ्याच्या जरा पुढे आणून ठेवायचा. आम्ही त्याला ‘टॉप’ म्हणतो. मग किक मारली की पुढचा दाब येईपर्यंत जवळजवळ दोन पूर्ण फेऱ्यांची मोकळी वाट मिळते, आणि तेवढ्यात चाक वेग घेते.

टॉप कसा ओळखायचा? यासाठी हेडलाइटच्या डब्यावरचा अॅमीटर आहे, ज्याकडे लोक शोभेची वस्तू म्हणून पाहतात. चावी लावा आणि किक हळू दाबा. काटा वजेच्या बाजूला पडलेला असेल तर पॉइंट मिटलेले आहेत, कॉइलमधून वीज वाहते आहे. दाबत दाबत पाय जड होतो आणि काटा उठून मध्यावर येतो. त्या क्षणी पॉइंट उघडले. ठिणगी पडते ती याच क्षणी. आता डिकॉम्प्रेसर ओढा, किक किंचित पुढे सरकवा, डिकॉम्प्रेसर सोडा. किकेला पुन्हा वर येऊ द्या. आणि मग लिव्हरला हात न लावता, पूर्ण वजनाने, खालपर्यंत एक लांब किक. फटके मारायचे नाहीत, पाय वरून खाली नेत पूर्ण सोडायचा. थंड गाडीला चोक लावायचा, अॅक्सिलेटर पिळायचा नाही. काटा मुळीच हलत नसेल तर किक मारूच नका, पॉइंटपर्यंत वीजच आलेली नाही. काटा सारखाच वजेला पडून असेल तर पॉइंट उघडत नाहीत. आणि काटा वजेला असताना चावी विसरून चहाला गेलात तर कॉइल तापते आणि नवी बॅटरी संध्याकाळपर्यंत खलास. एक रुपयाही खर्च न करता हा काटा तुम्हाला अर्धे निदान सांगतो.

आता माझी गोष्ट. मी विशीत होतो, गॅरेज टाकून थोडेच दिवस झाले होते. दिवाळीनंतरचे दिवस, म्हणजे वडशात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. एका नाटक मंडळीतल्या नटाची बुलेट संध्याकाळी आली. त्याला रात्रीच्या प्रयोगाला दूरच्या गावी पोचायचे होते. मी घाईत पॉइंटची फट अंदाजाने लावली आणि ती जास्त लागली. फट जास्त झाली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी लवकर पडते. पिस्टन अजून वर चढतो आहे आणि त्याच्या डोक्यावर आग लागली, तर तो उलटा खाली येतो. त्याच्याबरोबर किकही उलटी येते. यालाच आपण गाडीने बॅक मारली म्हणतो. माझ्या पायात रबरी चप्पल होती. घोट्याचे हाड तडकले, दीड महिना प्लास्टर. नट बिचारा दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून गेला आणि प्रयोग झाला, पण माझा पाय आजही पावसाळ्यात ठणकतो. तेव्हापासून माझ्या गॅरेजात फीलर गेज खिळ्याला टांगलेला असतो आणि चप्पल घालून कोणालाही किक मारू देत नाही. गिऱ्हाइकाला राग येतो. येऊ दे.

गुरुजींच्या गाडीकडे परत येतो. सिलिंडर नागपूरहून आला, गाडी जोडली. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या क्लच दाबून किक फिरवत सोडवल्या. ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात आणि पहिल्याच गिअरला गाडी भिंतीवर जाते. टायरला भेगा होत्या, ते बदलले. ब्रेकचे शू ड्रमला धरले होते, ते घासले. ज्या दिवशी किक मारायची, त्या दिवशी मुलगा गुरुजींच्या पत्नीला सोबत घेऊन आला. बाई बाकावर बसल्या. गाडी मी अंगणात काढली होती. बंद खोलीत कधीही चालू करू नये, धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

मुलाला मी बूट घालून आणायला सांगितले होते. काटा पाहायला शिकवले. पहिली किक त्याने अर्धीच मारली, काही नाही. दुसरीला ‘फुस्स’ झाले. तिसरीला गाडी दोनदा बोलली आणि थांबली. मी चोक थोडा उघडला. चौथ्या किकेला ती लागली आणि मग तो सावकाश, अंतराअंतराने पडणारा ठोका सुरू झाला. मुलगा हसत आईकडे पाहू लागला. बाई जरा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “गुरुजी मारत तर पहिल्याच किकेत व्हायची.”

सगळे हसले. त्यानंतर मुलाने विक्रीचा विषय काढला. त्या म्हणाल्या, “विकायची तर वीक. पण आता चालू आहे म्हणून सांगून वीक, आणि दोन महिने तू चालवून पाहा.” अजून तरी ती विकलेली नाही.

विकायची असो की चालवायची, कागदांचे काम राहतेच, आणि ते लोक मिस्त्रीला विचारतात म्हणून दोन शब्द. मालक वारले असतील तर गाडी वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो. नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली असेल तर फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन पाच वर्षांसाठी वाढवता येते. विमा आणि धूर तपासणी वेगळी. गाडी चालू झाली म्हणजे रस्त्यावर नेता येते असे नाही. आणि एक गोष्ट अनेकांना महागात पडली आहे. चासिस नंबर आणि इंजिन नंबर ज्या जागी कोरलेला असतो तेथला गंज ग्राइंडरने काढू नका. नंबर पुसला गेला तर तपासणीत गाडी तुमची हे सिद्ध करताना नाकी नऊ येतील. तेथे मऊ ब्रश आणि थोडे तेल, बस.

ज्यांना आपली गाडी काही महिने उभी ठेवायची आहे, परगावी शिकायला किंवा नोकरीला जायचे आहे, त्यांनी जाण्यापूर्वी कारबोरेटर रिकामा करावा, बॅटरी काढून घरात ठेवावी, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडावे आणि पिस्टन दाबाच्या टॉपवर आणून ठेवावा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, म्हणजे बाहेरची ओल आत शिरत नाही. मोठ्या स्टँडवर, टायर जमिनीपासून उचलून, फळीवर ठेवावी. वनखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मुलाकडे पुण्याला गेले तेव्हा हे सगळे करून गेले होते. सात वर्षांनी परत आले. मी दोन दिवस त्यांच्या गाडीवर घालवले, आणि तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्या किकेत लागली. माझी मजुरी फारच थोडी झाली. त्यांनी ती दुप्पट दिली.

गुरुजींची बुलेट आज येथे बाहेर, कडुलिंबाखाली उभी आहे. मुलाने आणि बाईंनी परवानगी दिली आहे. सकाळपासून ती चालू केलेली नाही, इंजिन थंड आहे. ज्यांना काटा पाहून टॉप आणायचा आहे त्यांनी एकेक जण यावे, मुलींनीही यावे. जोराचे काम नाही हे मी सांगितलेच आहे. दोन जोडी बूट मी सोबत आणले आहेत, सात आणि नऊ नंबरचे.